रविवारचे दोन तास: आठवड्याची स्वयंपाकाची तयारी आणि घरगुती सफाई (मापं देऊनच लिहा!)

निगुती

नोकरी, शाळा, क्लास यांत आठवडा संपणाऱ्या घरांसाठी हा धागा. रविवारी दोनेक तास घालवून काय करून ठेवलं तर बाहेरून मागवणं कमी होतं, आणि सफाईची महागडी द्रावणं न आणता काय भागतं, ते इथे जमवू. अट दोनच: माप लिहा, आणि कुठे बिघडतं तेही लिहा. ‘अंदाजाने’ हा शब्द फक्त हिंगाला चालेल.

सुरुवात वाटणापासून करते, कारण संध्याकाळचा वेळ खरा तिथेच जातो.

कांदा अर्धा किलो (उभा चिरून), सुकं खोबरं 100 ग्रॅम, लसूण 50 ग्रॅम, आलं 25 ग्रॅम, कोथिंबिरीची कोवळी देठं मूठभर, तेल 4 मोठे चमचे. खोबरं आधी कोरडंच लालसर भाजून बाजूला काढा. कांदा तेलात मध्यम आचेवर 15 ते 20 मिनिटं, तांबूस होईपर्यंत. आलं-लसूण-देठं शेवटच्या तीन-चार मिनिटांत. गार झाल्यावर शक्यतो पाणी न घालता वाटा आणि परत कढईत घालून तेल सुटेस्तोवर परता.

हे दुसऱ्यांदा परतणं टाळलं की चौथ्या दिवशी वाटण आंबूस लागतं. कांद्यात पाणी भरपूर असतं, ते उडवणं हाच सगळा खटाटोप. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, मग वड्या काढून पिशवीत भरा. चार माणसांच्या उसळीला तीन-चार वड्या. फ्रीजरमध्ये दीड महिना, खाली फ्रीजमध्ये पाच-सहा दिवस.

ओलं खोबरं यात घालू नका, चव लवकर उतरते. ते वेगळं खवून गोठवा.

खलबत्ता

+१. एकच भर. सोललेला लसूण किंवा कच्ची लसूण-पेस्ट तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याची पद्धत फार पसरली आहे, ती धोक्याची आहे. तेलाखाली हवा पोचत नाही, लसूण आंबट नसतो, आणि अशा जागी बोट्युलिझमचे (जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढू शकतात. वासावरून कळत नाही. पेस्ट फ्रीजमध्ये चार दिवस, नाहीतर सरळ गोठवा. व्हिडिओत ‘सहा महिने टिकणारी पेस्ट’ दिसली की पुढे सरकवा.

तिन्हीसांजा

वीज चार-चार तास जाते तिथे फ्रीजरचा काय उपयोग? कोरडं काहीतरी सांगा.

जात्यावरची

कोरड्यात भाजणीला तोड नाही. नाश्ता, डबा, रात्रीचं जेवण, तिन्ही निभतं.

ज्वारी 2 वाट्या, बाजरी 2, तांदूळ 1, हरभरा डाळ 1, उडीद डाळ अर्धी, मूग अर्धी, गहू अर्धी, धणे अर्धी, जिरे 2 मोठे चमचे. तांदूळ धुतलात तर सावलीत खडखडीत वाळवा. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं. एकत्र भाजलं तर जिरे जळतात आणि हरभरा डाळ आत कच्ची राहते. आच मंद ते मध्यम. हरभरा डाळीला सर्वांत जास्त वेळ लागतो. दाणा दाताखाली कुरकुरीत तुटला की झालं. धणे-जिरे शेवटी, गरम कढईत, नुसता वास सुटेपर्यंत.

बिघडण्याची कारणं तीन. डाळ कमी भाजली तर थालीपीठ चिकट होतं आणि पोटाला जड. जास्त भाजली तर कडवट. आणि तिसरं, सगळ्यांत नेहमीचं: गिरणीतून आणलेलं गरम पीठ तसंच डब्यात भरणं. झाकणाला आतून पाणी सुटतं, गाठी होतात, मग जाळी. आधी परातीत पसरून पूर्ण गार करा. गिरणीत मिरच्यांच्या किंवा मसाल्याच्या पाठोपाठ आपला नंबर लागत नाही ना, तेही बघा.

बाजरीत तेलाचा अंश बराच, म्हणून भाजणी दीड-दोन महिने पुरेल एवढीच. बाजरी वगळून ज्वारी वाढवली तर अजून टिकते, पण खमंगपणा कमी होतो. ज्याची त्याची आवड.

भाजणी संपत आली आणि गिरणीला जाणं झालं नाही तर मेतकूट मिक्सरवरही होतं: हरभरा डाळ 1 वाटी, उडीद डाळ अर्धी, तांदूळ पाव, गहू 2 चमचे, जिरे आणि धणे एकेक मोठा चमचा, मेथी आणि मोहरी अर्धा-अर्धा लहान चमचा, सगळं वेगवेगळं भाजून, हळद 1 लहान चमचा, हिंग, सुंठ आणि किंचित जायफळ घालून बारीक दळून चाळायचं. मेथी वाढली की संपलं, डबा कोणी उघडत नाही.

शिट्टी_तिसरी

गॅसवर कोणीच बोललं नाही, म्हणून.

कुकरची पहिली शिट्टी म्हणजे दाब पूर्ण झाल्याची खूण. आत 120 अंशांच्या आसपास तापमान आलेलं असतं. त्यानंतर आच मोठी ठेवली तरी ते वाढत नाही, जास्तीची उष्णता शिट्टीवाटे वाफ होऊन जाते. म्हणून शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. तूरडाळ अर्धा तास भिजवलेली असेल तर पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर 7-8 मिनिटं, मग गॅस बंद, दाब आपोआप उतरू द्या. त्या दहा मिनिटांतही डाळ शिजतच असते.

एकाच कुकरात खाली डाळ, वर भात, भाताच्या भांड्यावरच्या ताटलीत बटाटे किंवा रताळी. तळाला दोन वाट्या पाणी. डाळीत चमचाभर तेल आणि हळद घातली की फेस कमी येतो, शिट्टीचं भोक तुंबत नाही.

डाळ शिजत नसेल तर डाळीला नावं ठेवण्याआधी पाणी बघा. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम असतं, त्याने डाळीचं साल-गर मऊ पडत नाही. पिण्याचं गाळलेलं पाणी डाळीपुरतं वापरा. आमसूल, चिंच, टोमॅटो हे डाळ शिजल्यानंतर. आधी घातले तर तोच परिणाम.

वाटीभर

मोड आलेली कडधान्यं. मटकी 8 तास भिजवा, पाणी पूर्ण निथळा, कापडात सैल बांधा. उन्हाळ्यात 10-12 तास, थंडीत 18 ते 20. तार सुटली किंवा वास आला तर निथळणं कमी पडलं, किंवा गाठोडं घट्ट बांधलं गेलं. मोड आलेली मटकी कोरडी करून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. एक वाटी कोरड्या मटकीची अडीच-तीन वाट्या होते, म्हणून सुरुवातीला सगळ्यांचंच जास्त भिजतं.

राजमा मात्र भिजवलेलं पाणी फेकून कुकरलाच शिजवा. अर्धकच्चा राजमा पोट बिघडवतो. मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात तर मुळीच नको.

शिळ्या भाताबद्दल: फोडणीचा भात उत्तम, पण रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचा नको. भात उकळून शिजला तरी बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू जगतात, उबेत वाढून विष तयार करतात, आणि ते विष परत गरम करून जात नाही. जेवण झालं की दोन तासांच्या आत (मे महिन्यात तासाभरात) पसरट डब्यात घालून फ्रीजमध्ये.

साय_जाड

तुपाचा हिशोब. म्हशीच्या दुधात 6 ते 7 टक्के स्निग्धांश, टोन्ड पिशवीत 3. टोन्ड दुधाच्या सायीवर तूप कढवण्याचा खटाटोप वेळेला आणि गॅसला परवडत नाही, ती साय सरळ मुलांना पोळीवर द्या. म्हशीचं दूध येत असेल तर साय रोज एका डब्यात, पहिल्या दिवशीच चमचाभर दही घालून, फ्रीजमध्ये. 8 ते 10 दिवसांत घुसळायचं, पुढे गेलं की कुबट वास तुपात उतरतो आणि विड्याचं पान टाकूनही जात नाही. घुसळायच्या आधी साय बाहेर थोडी मऊ होऊ द्या, लोणी वर यायला लागलं की बर्फाचं पाणी. ताकाची कढी, बेरी कणकेत.

देठसाल

टाकाऊवर कोणी लिहिलं नाही! दोडक्याच्या शिरा: अर्धा किलो दोडक्यांच्या शिरा बारीक चिरून 2 चमचे तेलात मंद आचेवर 12-15 मिनिटं, कुरकुरीत होईपर्यंत. मग तीळ 2 चमचे, सुकं खोबरं 2 चमचे, तिखट, मीठ. आच मोठी केली तर बाहेरून काळ्या, आतून चिवट. मीठ शेवटी, नाहीतर पाणी सुटून मऊ पडतात. दुधीच्या सालीचंही असंच. फ्लॉवरचे दांडे सोलून सांबारात किंवा पावभाजीच्या उकडीत.

निगुती

जेवणाचं बऱ्यापैकी जमलं. आता सफाई. इथे ऐकीव माहितीच जास्त आहे, तेव्हा जपून.

क्षारपड

सुरुवातच मोडतोडीने करतो, माफ करा.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस येतो आणि बघायला छान वाटतं. एक अल्कली, एक आम्ल. दोघं एकमेकांना संपवतात. उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. सिंक, टाइल, बेसिन, काहीही असो, एका वेळी एकच वापरा. तेलकटाला अल्कली, क्षाराला आम्ल. एवढं लक्षात ठेवलं तर निम्म्या बाटल्या विकत घ्याव्या लागत नाहीत.

आम्लासाठी व्हिनेगरपेक्षा लिंबूसत्त्व (सायट्रिक ऍसिड) स्वस्त, वासही नाही. एक किलोत 5 टक्क्यांचं 20 लिटर द्रावण होतं, म्हणजे लिटरला 50 ग्रॅम. नळावरचे पांढरे डाग: जुनं सुती कापड या द्रावणात भिजवून नळाला गुंडाळा, 20-30 मिनिटं, मग पुसून धुवा. रात्रभर ठेवू नका, क्रोमचा मुलामा जातो. इलेक्ट्रिक किटलीला लिटरला 20-25 ग्रॅम पुरे. पाणी उकळून, बंद करून, सत्त्व घालून अर्धा तास ठेवा. आधी घालून उकळलं तर फेस उतू जातो.

आणि हे कुठे वापरायचं नाही: संगमरवर, शहाबादी, कोटा, कडप्पा. हे सगळे चुनखडीचे दगड, आम्लाने त्यांची झिलई कायमची जाते. कडप्प्याचा काळा ओटा लिंबाने चमकवा असं सांगणारे भेटतात, त्यांच्याकडे कडप्पा नसावा. ग्रॅनाइटला एवढा धोका नाही.

सालपट

बायोएन्झाइम विसरलात, म्हणजे साली आंबवून केलेलं सफाईचं पाणी. गूळ 1 भाग, लिंबू-संत्र्याच्या साली 3 भाग, पाणी 10 भाग. म्हणजे 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम साली, 1 लिटर पाणी. प्लॅस्टिकच्या बाटलीत, वरची पाव बाटली रिकामी. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस सोडा, पुढे दोन-तीन दिवसांनी. तीन महिन्यांनी गाळा. काचेच्या घट्ट बाटलीत करू नका, फुटते. वर पांढरा पापुद्रा आला तर चालतो. काळी-हिरवी बुरशी आली तर फेकून द्या. फरशीला अर्धी बादली पाण्यात 2-3 झाकणं. रसायनमुक्त, फुकट, निर्जंतुक.

क्षारपड

पहिले दोन शब्द अर्धवट मान्य, तिसरा नाही. तीन महिन्यांनी बाटलीत मुख्यतः सौम्य ऍसिटिक आम्ल आणि सालींचा वास असतो. हलका मळ, हलके क्षार, वास यांना चालतं. कच्चं मांस चिरलेल्या फळीला किंवा आजारी माणसाच्या संडासाला पुरत नाही. शिवाय आम्लच ते, तेव्हा शहाबादीवर नको.

निर्जंतुक करायचंच तर साधं घरगुती ब्लीच (5 टक्क्यांचं): 4 लिटर पाण्यात 1 मोठा चमचा. फळी आधी साबणाने घासा, मग हे पाणी दोन मिनिटं, मग स्वच्छ पाणी. मळावर ब्लीच ओतलं तर ते मळाशीच झुंजत संपतं. द्रावण रोजचं रोज करा, पडून राहिलं की जोर जातो.

आणि हे ठळक अक्षरांत समजा: ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर, लिंबूसत्त्व, व्हिनेगर, अमोनिया यांतलं काहीही मिसळायचं नाही. आम्लाने क्लोरिन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात हे जिवावर बेततं.

सालपट

वास आणि फरशी एवढ्यापुरतं आपलं जमलं म्हणायचं. साली तरी कचऱ्यात जात नाहीत.

उंबरठा

ओट्यावरच्या चिमणीच्या तेलकट जाळ्या कशा धुवायच्या?

खलबत्ता

आधी जाळी कशाची ते बघा. चुंबक चिकटला तर ऍल्युमिनियम नक्की नाही. चिकटला नाही तर स्टील असू शकतं किंवा ऍल्युमिनियमही. हाताला हलकी, अनेक पदरी जाळी असेल तर ऍल्युमिनियम समजूनच चाला.

स्टीलची असेल तर धुण्याचा सोडा. हा खाण्याच्या सोड्यापेक्षा बराच तीव्र आणि वेगळा पदार्थ, किराणा दुकानात सुटा मिळतो. 10 लिटर कडकडीत पाण्यात 100 ग्रॅम सोडा आणि थोडं भांड्याचं लिक्विड, जाळी अर्धा तास बुडवून ठेवा, मग ब्रश. हातमोजे घाला, कातडी सोलवटते. ऍल्युमिनियमला हे पाणी लागलं तर ती काळी पडते आणि खातही जाते. तिला नुसतं गरम पाणी आणि भांड्याचं लिक्विड, थोडा वेळ जास्त. महिन्यातून एकदा केलं तर अर्धा तास, सहा महिन्यांनी केलं तर अख्खा रविवार.

करपलेलं स्टीलचं पातेलं: बुडाला दोन बोटं पाणी, 2 मोठे चमचे खाण्याचा सोडा, 10 मिनिटं उकळा, गार होऊ द्या, लाकडी उलथन्याने खरवडा. तारेची घासणी त्याआधी नको.

उंबरठा

आणि घरी केलेली कपड्यांची पावडर? साबण किसून, सोडा घालून?

शिट्टी_तिसरी

मशिनसाठी नको. साबण आणि डिटर्जंट वेगळे. जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो, तो कपड्यांवर आणि दाराच्या रबरात बसतो. तीन-चार महिन्यांनी टॉवेलला कुबट वास. पैसे वाचवायचे असतील तर विकतच्याच पावडरीचं माप पाळा, बहुतेक घरांत दीडपट पडते. सुती, मळक्या कपड्यांना 2 मोठे चमचे धुण्याचा सोडा जोडीला घातला की पावडर कमी लागते. रेशमी आणि लोकरीला सोडा अजिबात नाही.

त्यांना रिठा. बिया काढलेले 20 रिठे एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी 15 मिनिटं उकळा, कुस्करा, गाळा. फ्रीजमध्ये आठवडा, बाहेर दोन दिवसांत आंबतो. वड्या गोठवल्या तर साडीला दोन-तीन वड्या काढायला सोप्या. सोन्या-चांदीलाही चालतो. डोळ्यात जाऊ देऊ नका, भयंकर चुरचुरतं. तेलकट कढईला मात्र रिठा पुरत नाही.

जात्यावरची

चांदी काळी पडली असेल तर भांड्यात ऍल्युमिनियमची फॉइल अंथरा, 1 लिटर उकळतं पाणी, 1 मोठा चमचा खाण्याचा सोडा, 1 लहान चमचा मीठ. चांदीची वस्तू फॉइलला टेकली पाहिजे, नाहीतर काही होत नाही. पाचेक मिनिटं. वरचा काळा थर गंधकाचा, तो सुटून परत चांदी होते, घासून झिजत नाही. ऑक्सिडाइज्ड दागिने आणि खडे बसवलेलं काही यात घालू नका. पहिल्यांचा मुद्दाम दिलेला काळेपणा जातो, दुसऱ्यांचे खडे सुटू शकतात.

तांब्या-पितळेला चिंच आणि मीठ, पण चोळल्यावर लगेच धुवून कोरडं पुसा. तसंच ठेवलं तर हिरवे डाग.

सातासमुद्री

थंड देशातल्यांसाठी इडलीचं पीठ: उकडा तांदूळ 3, उडीद 1, मेथी 1 लहान चमचा. ओव्हन बंद, फक्त आतला दिवा लावून भांडं ठेवा, 12 ते 14 तास. भांडं अर्धंच भरा. कोणी चुकून ओव्हन तापवू नये म्हणून बटणावर चिठ्ठी चिकटवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या दिवशी इडली, दुसऱ्या दिवशी डोसे, तिसऱ्या दिवशी आंबट झालं की कांदा घालून उत्तप्पे किंवा आप्पे.

तिन्हीसांजा

रव्यात आणि डाळीत किडे होतात. कडुलिंबाचा पाला घालून फार फरक पडत नाही.

वाटीभर

पाल्याने किडे थोडे लांब राहतात, आधीच असलेली अंडी मरत नाहीत. रवा आणल्या-आणल्या कोरडा भाजून गार करून भरा. उपम्याचा वेळही वाचतो. फ्रीजर मोकळा आणि वीज भरवशाची असेल तर पिशवीसकट चार दिवस गोठवा, मग पिशवी न उघडता बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. लगेच उघडली तर हवेतला दमटपणा आत रव्यावर बसतो. तूरडाळीला एरंडेलाचा अगदी हलका हात चोळा, शिजवायच्या आधी गरम पाण्याने धुवा.

पाऱ्याच्या गोळ्या धान्यात घालणं बंद करा. पारा तो पाराच.

उंबरठा

सिंकचा पाइप तुंबला तर उकळतं पाणी चालेल ना? सोडा-व्हिनेगर बाद झालं म्हणून विचारतो.

क्षारपड

पाइप पीव्हीसीचा असेल तर उकळतं नको, मऊ पडून सांधे सैल होतात. हात सोसेल एवढं गरम पाणी आणि भांड्याचं लिक्विड. तरी तुंबलेलंच असेल तर खाली बादली ठेवून सिंकखालचा बाटलीसारखा ट्रॅप हाताने फिरवून काढा. दहा मिनिटांचं काम. आत बहुतेक वेळा थिजलेलं तूप, चहाची पत्ती आणि भाताची शितं असतात. परत बसवताना रबरी वायसर जागेवर आहे का बघा आणि पाणी सोडून खाली पाच मिनिटं कोरडा कागद ठेवा.

देठसाल

आणि बटाटे उकडताना ऍल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो त्यावर काही?

शिट्टी_तिसरी

तळाच्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचं बुटुक टाका. आधीच काळा झाला असेल तर काळ्या रेघेच्या वरपर्यंत पाणी, 2 चमचे लिंबूसत्त्व, झाकण न लावता 10 मिनिटं उकळा. सोडा नको. ऍल्युमिनियमला सोड्याने उलट जास्त काळं होतं.